धनश्रीचा एकुलता एक श्रोता

मित्रांनो, माझ्या डाव्या वाटीवरची गादी फाटली आहे, वायरीला दोन ठिकाणी काळी चिकटपट्टी आहे आणि कोणी मला दुमडायला गेलं की मी कुरकुरतो. तरी मी हेडफोनच आहे, आणि माझं काम अजून चालू आहे. नागपूरच्या कडेला, वाडीतल्या एका भाड्याच्या खोलीत मी खिळ्याला टांगलेला असतो. खाली दिवसभर ट्रक ये-जा करतात, तेव्हा खिळ्यासकट मी थरथरतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते सीताबर्डीचं दुकान आणि मला विकत घेणारा उमरेडचा अंकुश. तो लग्नाच्या वरातीत डीजे लावायचा. डीजेच्या हेडफोनचं काम जरा वेगळं असतं. लोक ज्यावर नाचतात ते गाणं मोठ्या स्पीकरवर वाजत असतं. त्याच्या पुढचं गाणं आधी डीजे एकटाच ऐकतो, माझ्यातून. दोन्ही गाण्यांचा ठेका जुळला की तो एक गाणं दुसऱ्यात हळूच मिसळतो. वरातीच्या त्या गोंगाटात मी अंकुशला कधी दगा दिला नाही. तो मित्रांना सांगायचा, "स्पीकर कितीही बोंबलू दे गा, याच्यात पुढचं गाणं साफ ऐकू येते."

मग महामारीचं वर्ष आलं. वराती थांबल्या. अंकुशनं स्पीकर विकले आणि तो हैदराबादला नोकरीला गेला. मला आणि कंट्रोलरला, म्हणजे गाणी मिसळायच्या त्या दोन तबकड्यांच्या यंत्राला, त्यानं गोणीत भरून माळ्यावर टाकलं. दोन वर्षं मी तिथे होतो. माझी गादी उंदरांनी कुरतडली ती तेव्हाच. अंधाराचं मला फारसं दुःख नव्हतं. कानच नसेल तर हेडफोनला आपण आहोत हेसुद्धा कळत नाही, हे मात्र तिथे समजलं.

एका दिवाळीला अंकुश गावी आला आणि त्यानं गोणी खाली काढली. शेजारच्या गल्लीतली धनश्री बघायला आली. तिच्या घरी पूर्वी हातमाग होते. आता वडील बुटीबोरीच्या कापड गिरणीत कामाला होते, आणि ती स्वतः वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ट्रकच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, बनवायची. अंकुशनं चार दिवस तिला शिकवलं. जाताना म्हणाला, "तूच ठेव वं हे. माझ्या कामाचं नाही आता."

तिच्या वाडीतल्या खोलीत स्पीकर नव्हते. घरमालकीण भागीरथाकाकूंनी आधीच बजावलं होतं, "गाण्याचा आवाज खाली आला नाही पाहिजे." त्यामुळे ती जे काही वाजवायची ते सगळं माझ्यातूनच. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, एक मुलगी अगदी शांत खोलीत दोन तबकड्या फिरवत मान हलवते आहे. एवढंच. तीन वर्षं ती अशी वाजवत राहिली. तिचं वाजवणं या जगात फक्त मला माहीत होतं.

गेल्या वर्षी तिनं धीर करून तासाभराचं रेकॉर्डिंग धरमपेठेतल्या एका लाउंजला पाठवलं. आठ दिवसांनी, दुपारी डबा खात असताना, तिथल्या मॅनेजरचा, सुशीलचा फोन आला.

"मॅडम, येत्या रविवारी संध्याकाळी याल काय? चार ते सात. आवाज कमी ठेवा लागेल, लोक बोलायले येतात."

"पैसे भेटतील ना?" तिनं विचारलं आणि लगेच ओशाळली.

"काहून नाही भेटणार? कामाचे पैसे भेटतेच."

फोन ठेवून तिनं वडिलांना लावला. गिरणीची घरघर चालू होती. "बाबा, मले गाणी वाजवाचं काम भेटलं!" ती म्हणाली.

"काय भेटलं? ऐकू येऊन नाही राहिलं वं. घरी गेल्यावर बोलतो," ते म्हणाले. घरी गेल्यावर ते विसरले असावेत. तिनंही पुन्हा फोन केला नाही. ती आनंदाची बातमी आमच्या खोलीत तशीच पडून राहिली.

त्या आठवड्यात तिनं जशी तयारी केली तशी मी कुणाला करताना पाहिली नाही. तीन तासांची गाणी तिनं वहीत लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. ऑफिसातून आली की ती चप्पल काढायच्या आधी मला उचलायची. ठेका धरताना तिचा पाय जमिनीवर आपटायचा, म्हणून एकदा काकू जिना चढून आल्या. "काय आपटून राहिली वं? माही झोप मोडली." तेव्हापासून ती पायाखाली गोधडीची घडी घ्यायची.

गुरुवारी मात्र तिला राहवलं नाही. मला आणि लॅपटॉपला घेऊन ती खाली गेली. "काकू, थोडंसं ऐकता काय?"

काकूंनी पदरावरूनच मला कानांवर बसवलं. त्या बराच वेळ नेटानं बसल्या. मग म्हणाल्या, "गाणं कवा चालू होते वं?"

"हेच गाणं आहे काकू."

"असं काय? छान आहे." आणि त्यांनी मला परत दिलं. काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं. पण वर येताना धनश्रीनं मला इतकं घट्ट धरलं होतं की माझी वायर जिन्याच्या कठड्यात अडकून ओढली गेल्याचं तिच्या लक्षातच आलं नाही.

शनिवारी सकाळी माझा डावा कान गेला. उजवा खरखरायला लागला. परफॉर्मन्सला एक दिवस उरला होता. ती ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन सीताबर्डीला धावली. दोन दुकानांत तिला "नवीन घ्या" म्हणून परत पाठवलं. तिसरं दुकान एका बोळात होतं. तिथे आनंदराव नावाचे म्हातारे गृहस्थ जन्मभर रेडिओ दुरुस्त करत आले होते. त्यांनी मला उघडलं, तुटलेली तार शोधली, डाख देऊन जोडली आणि म्हणाले, "लाव काही. पाहू दे."

तिनं लॅपटॉपवर आदल्या दिवशीचा सराव लावला. आनंदरावांनी मला कानांवर घेतलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, आता काढतील. त्यांनी काढलं नाही. एक बाई दुरुस्तीला मिक्सर घेऊन आल्या, तर त्यांनी नुसता हात वर करून त्यांना थांबवलं. बावीस मिनिटं ते ऐकत होते. धनश्री समोर उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

शेवटी डोळे उघडून ते म्हणाले, "डावा-उजवा दोन्ही चालू आहे. पण ते संथ गाणं आहे ना, बासरीचं, ते संपाच्या आधीच तू दुसरं आणलं. काहून एवढी घाई? त्याले उतरू दे ना पोरी."

धनश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदराव गडबडले. "अवं, बाकी चांगलं आहे! मी आपलं सांगितलं."

"नाही काका," ती म्हणाली, "तुम्ही ऐकलं."

घरी येऊन उरलेला दिवस बाकी काही न करता ती गाण्यातल्या त्या एकाच जागेवर बसली. बासरी उतरेपर्यंत थांबायचं आणि मग पुढचा ठेका आत घ्यायचा. चाळीस वेळा तरी केलं असेल.

रविवारी चार वाजता लाउंजमध्ये सहा टेबलं भरलेली होती. आमची जागा खांबाच्या मागे होती. सुशीलनं पाण्याची बाटली आणून ठेवली आणि तो कामाला लागला. लोक बोलत होते, खात होते, फोन बघत होते. बासरीचं गाणं आलं. तिनं मला एका कानाला दाबून धरलं. ती थांबली. अजून थांबली. बासरी पूर्ण खाली उतरली आणि त्या सुरांच्या पोटातून पुढचा ठेका असा वर आला की कुठे जोड होता ते मलासुद्धा सांगता आलं नसतं.

तिनं मान वर करून पाहिलं. कोणाचंच लक्ष नव्हतं. खांबामागे ती एकटीच हसली.

सात वाजता सुशील येऊन म्हणाला, "एकही टेबल लवकर उठलं नाही मॅडम. दर रविवारी येत जा."

आता ती दर रविवारी जाते. लाउंजनं स्वतःची नवी यंत्रं आणि नवा हेडफोन घेतला आहे, त्यामुळे मला न्यावं लागत नाही. चार ते सात मी इथेच खिळ्याला असतो. तिचं वाजवणं आता अनोळखी माणसं ऐकतात आणि मी ऐकत नाही. ती तिथे काय वाजवते, कुठे थांबते, मला ठाऊक नाही. जड जातं, पण हे असंच व्हायला हवं होतं.

मित्रांनो, आमच्यासारख्यांच्या वायरी ओढू नका, सैल गुंडाळून ठेवा, एवढं तर सांगतोच. पण तुमच्या घरात, तुमच्या शेजारी कोणी कानांवर हेडफोन चढवून महिनोन् महिने एकटंच काहीतरी करत बसलेलं असेल, आणि एखाद्या दिवशी ते हेडफोन तुमच्यापुढे धरून "ऐकता काय?" म्हणालं, तर लगेच "छान आहे" म्हणून परत देऊ नका. हातातलं काम बाजूला ठेवा. शेवटपर्यंत ऐका. आणि कुठे चुकलं वाटलं, तर तेही सांगा.