खडूची तारीख

घरोघरी साचलेलं पाणी तपासायचं आणि दारावर खडूनं तारीख टाकायची, हे त्याचं काम. गल्लीत तो कोणाची भीडभाड ठेवत नसे. थोरल्या भावाच्या दारावर मात्र वहिनीच्या शब्दावर तारीख पडायची. "गच्चीवरची टाकी झाकलेली आहे हो, भाऊजी!"

भावाच्या शेजारीच त्याचं घर होतं. त्याच्या लेकीला डेंग्यू झाला, तेव्हा तो तडक भावाच्या गच्चीवर चढला. टाकी उघडी होती आणि पाण्यात अळ्या वळवळत होत्या. त्यानंच आणून दिलेल्या झाकणावर वहिनीनं कुंड्या मांडल्या होत्या.

"दादा, माझ्याशी खोटं बोललात?" खाली येऊन तो संतापानं ओरडला.

दादानं वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही. "तू घरचा म्हणून चाललं रे. दुसरा कोणी तपासायला असता, तर झाकली असती की!"