सातवी पळी

मित्रांनो, मी एक जुना पितळी कॉफी फिल्टर आहे. माझ्या झाकणावर अंगठ्याएवढा पोचा आहे. मला घासणारी प्रत्येक बाई तिथं येऊन अडते, तिला चिंच जास्त लागते आणि ती माझ्या नावानं बोटं मोडते. मोडू देत. त्या पोच्याची हकिकत ऐकल्यावर तुम्ही तरी तसं करणार नाही, अशी माझी आशा आहे.

माझी रचना अगदी साधी आहे. वर एक डबा, त्याच्या तळाला बारीक भोकं. खाली दुसरा डबा. वर कॉफीची पूड घालायची, ती चकतीनं हलकेच दाबायची आणि उकळतं पाणी ओतायचं. काळाभोर अर्क थेंबाथेंबानं खाली उतरतो. मला वीज लागत नाही, तारा लागत नाहीत. लागतो तो फक्त धीर, आणि तोच माणसांकडे सगळ्यात कमी असतो.

मी गंगम्माबरोबर तिच्या सासरी आलो. तिचे वडील चिकमगळूरकडच्या कॉफीच्या मळ्यावर कामाला होते. लेक दिली ती जळकोटच्या शिवारातल्या एका वस्तीवर, ईरण्णाच्या घरी. तिथं चहाचा राबता, आणि कॉफी म्हणजे पडसं झाल्यावर घ्यायचं औषध. सासूबाई म्हाळसाबाई कॉफीत जायफळ उगाळून घालत. जायफळाशिवाय कॉफी म्हणजे मिठाशिवाय वरण, असं त्यांचं ठाम मत. गंगम्माला ते मुळीच पटत नसे. घरात भांडणाचं दुसरं कारण नव्हतं, पण हे एक वर्षभर पुरत असे.

वस्तीवर विजेचा खांबसुद्धा नव्हता. गंगम्मा लोखंडी कढईत बिया भाजायची, अगदी करपायच्या आधी उतरवायची आणि खलबत्त्यात कुटायची. पूड रव्यासारखी ठेवायची. फार बारीक झाली तर माझी भोकं बुजतात आणि जाडी राहिली तर पाणी नुसतंच रंगतं. पाणीसुद्धा ती एकदम ओतत नसे. एक पळी ओतायची, थांबायची, मग दुसरी. त्या थांबण्यातच सगळी चव होती.

मग बहात्तर साल आलं. पाऊस आलाच नाही. पुढच्या उन्हाळ्यात वस्तीवरच्या आडात बादली आपटल्याचा कोरडा आवाज यायला लागला. गाईगुरं छावणीला गेली. राहिली ती एक शेळी. टँकर दोन दिवसांनी यायचा, कधी यायचाही नाही. तेव्हा वस्तीतल्या घरांनी मिळून सोसायटी केली आणि सामुदायिक विहीर खोदायला घेतली. चेअरमन झाले नानासाहेब. माणूस सच्चा, पण शब्दाचा इतका पक्का की चुकलेला शब्दही मागे घेणार नाही.

सुरुंगाचं काम लिंबाजीकाकांकडे होतं. दगडाला हात लावून तो कुठं फुटेल हे ते सांगत. पण वीस वर्षं बार उडवून त्यांचे कान गेले होते. म्हणून बार मोजायचं काम नानासाहेबांनी स्वतःकडे घेतलं. जितक्या वाती पेटवल्या तितके आवाज झाले पाहिजेत. एक जरी कमी झाला, तर खाली जिवंत सुरुंग आहे असं समजायचं आणि कुणी उतरायचं नाही. विहिरीचा सगळा कायदा एवढाच.

बार उडाले की खाली पहिला उतरायचा ईरण्णा. त्यामुळे प्रत्येक आवाजाला गंगम्माचं काळीज लटकन हलायचं. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून तिनं एक पद्धत पाडून घेतली. बाभळीखाली तीन दगडांची चूल मांडायची. आज बार किती, हे लिंबाजीकाकांना खुणेनं विचारायचं. ते बोटं दाखवत. तितक्याच पळ्या पाणी मोजून पातेल्यात उकळत ठेवायचं आणि एक बार झाला की एक पळी माझ्यात ओतायची. शेवटचा बार झाला की पातेलं रिकामं. धूर निवेपर्यंत माझ्यात कॉफी तयार. मग शेळीचं दूध आणि खाली उतरवल्यावर गूळ. आधी गूळ घातला तर दूध फाटतं.

ज्या दिवसाची ही गोष्ट आहे, त्या दिवशी सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. विहिरीवरची यारी, म्हणजे दोरानं दगड-माणसं वरखाली करायचं यंत्र, तालुक्याची होती आणि संध्याकाळी ती दुसऱ्या गावाला जाणार होती. यारी गेली की काम ठप्प. खडकाचा शेवटचा थर उरला होता. त्याच दिवशी पाणी लागलं तर लागलं, नाहीतर वस्ती सोडून जगायला जावं लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोन घरांनी तर बोचकी बांधूनही ठेवली होती.

सकाळी नानासाहेब आमच्या घरी आले. दोन रात्री टँकरची वाट बघत ते रस्त्यावर बसून होते. दिवसाच्या उन्हानं नाकाचा घोळणाही फुटला होता. म्हाळसाबाईंना कळवळा आला. गंगम्मा बाहेर गेल्याचं पाहून त्यांनी नानासाहेबांच्या कपात जायफळ उगाळलं, आणि चेअरमन म्हणून जरा सढळ हातानंच उगाळलं. तान्ह्या बाळाला झोप लागावी म्हणून जे चाटवतात, तेच ते जायफळ. मी चुलीजवळ बसून सगळं पाहत होतो. मला तोंड असतं तर!

दुपारी लिंबाजीकाकांनी सात बोटं दाखवली. गंगम्मानं सात पळ्या पाणी मोजलं. माणसं दूर ओढ्यात जाऊन बसली. म्हाळसाबाई शेळीचं दूध घेऊन बाभळीखाली आल्या होत्या. नानासाहेब मुरमाच्या ढिगाआड एकटेच बसले. लिंबाजीकाका वाती पेटवून वर आले आणि धावत ओढ्याकडे गेले.

पहिला बार झाला. एक पळी. दुसरा. तिसरा. मग बराच वेळ काहीच नाही. गंगम्माची पळी पातेल्यावर तशीच थांबली. चौथा झाला तेव्हा जमीन हादरली आणि माझं झाकण खडखडलं. पाचवा, सहावा. मग शांतता पसरली. गंगम्मा वाट पाहत राहिली. पातेल्यात एक पळी पाणी उकळत होतं.

तेवढ्यात नानासाहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. सात झाले, अशी ती खूण. माणसं धावत आली, यारीला चौघे भिडले आणि ईरण्णा बादलीत पाय घालून उभा राहिला.

गंगम्मानं एका हातात मला उचललं, दुसऱ्या हातात पदरानं धरलेलं पातेलं घेतलं आणि ती विहिरीकडे पळत सुटली. इतक्या पुरुषांसमोर ती आजवर मोठ्यानं बोलली नव्हती. तिनं पातेलं नानासाहेबांच्या पायाशी ठेवलं.

"सहाच झाले," ती म्हणाली. "सातवी पळी हितं हाय. बघा."

नानासाहेबांचा चेहरा उतरला, पण शब्द उतरला नाही. पळीचं माप कधी कमीजास्त होतं, चूल सांभाळणाऱ्यानं सुरुंगात पडू नये, यारी जायची वेळ झाली, असं बरंच ते बोलले. माणसं घुटमळली. यारी अर्धा फेरा फिरली आणि ईरण्णाची बादली काठाखाली गेली. त्याचं डोकं तेवढं दिसत होतं. गंगम्मानं दोर धरला. तिच्या तळहाताची साल निघाली, पण तिनं सोडला नाही. मित्रांनो, मी तिच्या काखेत होतो. तिचं काळीज कसं धडधडत होतं ते मला अजून आठवतं.

तेव्हा मागून म्हाळसाबाई आल्या. सुनेच्या बाजूनं त्या उभ्या जन्मात बोलल्या नव्हत्या.

"नानासाहेब, तुमचा डोळा लागला हुता," त्या म्हणाल्या. "म्या बाभळीखालून बघितलं. तुमच्या कपात लई जायफळ पडलं. हिला न सांगता म्याच घातलं. चूक माझी हाय, पर माझ्या लेकाला वर घ्या."

  नानासाहेबांनी फेटा काढून हातात घेतला.

"तिसऱ्यानंतर डुलकी लागली," ते हळू म्हणाले. "चौथ्याला दचकून उठलो. मधला एक झोपंत गेला आसंल म्हणून धरून चाललो."

लिंबाजीकाकांना शब्द ऐकू आले नव्हते, पण पातेल्यातलं पाणी दिसत होतं. त्यांनी ईरण्णाची काखोटी धरून त्याला वर ओढला आणि सगळ्यांना मागं रेटलं. "पाणी खोटं बोलत न्हाय," एवढंच ते म्हणाले. गंगम्मानं दोर सोडून पातेलं उचललं.

माणसं जेमतेम बाभळीपर्यंत पोचली असतील. विहिरीतून सातवा बार उडाला. दगड आभाळात गेले आणि पावसासारखे कोसळले. एक कपची थेट माझ्या झाकणावर बसली. गंगम्मानं मला छातीशी धरलं नसतं तर ती कुठं बसली असती, याचा विचार मी करत नाही.

 मग गंगम्मानं पातेल्यातली ती सातवी पळी पुन्हा उकळून माझ्यात ओतली. कॉफी तयार झाली. लिंबाजीकाका रोज आपला जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, कप घरून आणत आणि लांब बसून पीत. त्या दिवशी म्हाळसाबाईंनी त्यांना घरातला पितळी पेला दिला, आपल्या शेजारी बसवलं आणि गूळ घालण्याआधी कानाशी ओरडून विचारलं, जायफळ नाही घातलं, चालेल ना? तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

सातव्या बारानं खडकाचा कोपरा फुटला होता. संध्याकाळी तिथून पाणी पाझरू लागलं, माझ्यातून अर्क उतरतो तसंच, थेंबाथेंबानं. यारी गेली, पण वस्ती राहिली.

त्यानंतर आमच्या घरात एक रीतच पडली. सातवी पळी ओतल्याशिवाय ईरण्णा घराबाहेर पडत नसे. "सातवी झाली का?" तो चपलेत पाय घालण्याआधी विचारायचा. गंगम्मा "झाली" म्हणायची आणि मगच तो निघायचा. पुढं वीज आली, मोटार आली, तयार पुडीची कॉफी आली, पण हा प्रश्न रोज सकाळी घरात विचारला जातच राहिला.

गंगम्मा गेली, त्यानंतर काही दिवसांनी ईरण्णानं पहिल्यांदा स्वतः चूल पेटवली. त्यानं सहा पळ्या माझ्यात ओतल्या. सातवी हातात धरून तो बसून राहिला, कारण "झाली" म्हणणारं कुणी नव्हतं. पळीतलं पाणी निवून गेलं. त्या दिवशी तो बाहेर गेला नाही.

आता मी माळ्यावर आहे. मोडीत घालायच्या भांड्यांत माझं नाव निघालं आहे, असं ऐकतो. मित्रांनो, एवढंच करा. मला एकदा खाली घ्या, चिंचेनं घासा आणि पोच्यापाशी बोट जरा थांबवा. मग पाणी ठेवा. सहा पळ्या ओता, आणि सातवी ओतण्याआधी घरातली सगळी माणसं घरी आहेत ना, तेवढं बघा.