व्याह्यांच्या आधी थांबू नये

चहावर साय धरते ती आधी कपाच्या कडेला. मग ती मध्याकडे सरकत जाते, आणि पूर्ण धरली की तिच्यावर बारीक सुरकुत्या पडतात. बाबांच्या गिटारची सगळ्यात जाड तार वाजली की त्या सुरकुत्या थरथरत होत्या. बाकीच्या तारांची सायीने दखल घेतली नाही.

चहा दोघांसमोर होता आणि दोघांनाही पिता येत नव्हता. पेडल स्टील गिटार हे चार पायांवर आडवं ठेवायचं वाद्य आहे. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या, आणि पायांखालची पेडलं व गुडघ्यांजवळचे दांडे दाबून त्या ताणायच्या किंवा सैल सोडायच्या. वाजवणाऱ्याचं फक्त तोंड मोकळं राहतं. रेकॉर्डिंग चालू असलं की तेही बंद ठेवावं लागतं.

आमच्या डिचोलीच्या घरात, बाहेरच्या खोलीत, माझे वडील गोकुळदास आणि चोपड्याचे बाबलीमामा समोरासमोर बसून अल्बम वाजवत होते. अल्बम अँबियंट होता. त्यात चाल नाही, ताल नाही, आधी ठरवलेलं काहीच नाही.

"म्हणजे गाणा सुरू होवच्या आदी तारो लायतत, तसां?" आईने पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"तसांच," गौरेश म्हणाला, "पण मुद्दाम."

गौरेश हा बाबलीमामांचा मुलगा; मामा ते नुसते म्हणण्यापुरते. दशावतारी नाटकांना आणि लग्नांना साउंड लावतो. चोपड्याच्या पुलावर त्याने मला लग्नाचं विचारलं, त्याला आता तीन वर्षं होतील. मी म्हटलं, विचार करते. मी पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायची मला सवय नाही. गौरेशने माझ्या उत्तराचा अर्थ 'विचार करते' असाच घेतला. बाकी सगळ्यांनी तो 'हो' असा घेतला, आणि बाबलीमामा बोलणी करायला आमच्या घरी आले.

खुर्चीवर टेकता टेकता त्यांनी कोपऱ्यातल्या चादरीकडे बोट केलं. "इस्त्रीचां टेबल?"

बाबांनी चादर काढली. बाबा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. खाणी बंद पडल्यावर हात रिकामे राहू नयेत म्हणून त्यांनी ट्रकच्या क्लचच्या सळया वापरून हे वाद्य स्वतः बनवलं होतं. बाबलीमामा गुडघ्यावर बसून खालून सळया बघू लागले. त्यांच्याकडेही एक होतं. त्यांच्या घरी भाड्याने राहिलेला एक परदेशी माणूस विमानात वजन जास्त होतं म्हणून ते मागे ठेवून गेला होता. अख्ख्या गोव्यात हे वाद्य वाजवणारे आपण एकटेच, असं दोघांनाही इतकी वर्षं वाटत होतं. क्षणभर दोघांचेही चेहरे पडले. मग बाबलीमामांनी विचारलं, "वाजवतास?" आणि बोलणी तिथेच राहिली.

गौरेशने सुचवलं की आपण रेकॉर्ड करू. दोघे खूश झाले. "आदी ह्यां पुरां करूया," बाबा म्हणाले, "मगे पोरांचां बगूया."

पण पुरं होईना, कारण थांबायचं कोणी, हा प्रश्न होता.

बाबांनी मला स्वयंपाकघरात नेऊन मुलीकडच्यांची रीत समजावली. "आपण चेडवाकडचे. व्याह्यांच्या आदी हात उचललेलो बरो दिसत नाय. ते थांबले काय मी थांबतलंय."

मी बाबलीमामांना अंगणात गाठलं. "घर तुमचां, बाये," ते म्हणाले. "पावण्यान आपसून आटोपतां घेतल्यान तर गोकुळदासांका वाटतलां, ह्येका आवडूक नाय. ते थांबांदेत."

"दोगांनी एकदम थांबलास तर?"

"एकदम म्हणजे केन्ना?" त्यांनी विचारलं. नेमकं केव्हा, हा प्रश्न बरोबर होता.

त्यामुळे पहिला तुकडा वीज गेल्यावर थांबला. दुसरा बाबांची तार तुटल्यावर. तिसरा रेकॉर्डरमधलं कार्ड भरल्यावर. प्रत्येक वेळी दोघेही कपाळाचा घाम पुसत एकमेकांना म्हणत, "आणीकय चल्लां आसतां."

गौरेशला शेवट असे अर्धवट नको होते. आज तो इन्व्हर्टर घेऊन आला, सर्वांत मोठं कार्ड घेऊन आला, आणि दोघांच्याही तारा नव्या घातल्या. इन्व्हर्टर उचलून पायरी चढतानाच त्याने मला सांगितलं की जहाजावरच्या नोकरीचा एजंट संध्याकाळी फोन करणार आहे. क्रूझ जहाज, साउंडचं काम, सलग नऊ महिने. लग्न ठरलं असेल तर तो नाही म्हणणार होता.

"आणि ठरूक नाय तर?"

"तर जातलंय. हयं रवान काय करू?" त्याने इन्व्हर्टर खाली ठेवला. "तू सांग."

"आदी बाबांचां होवंदे," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वायरी सोडवायला घेतल्या.

तर जेवण झाल्यावर सुरू झालेला हा तुकडा चालूच होता, आणि आता त्याला थांबवू शकेल असं काहीच उरलेलं नव्हतं. वीज गेली. पंखा थांबला, सूर थांबले नाहीत. पोदेर सायकलवरून पाव घेऊन आला आणि दारात त्याने भोंगा वाजवला. बाबलीमामांनी कांडी सरकवून भोंग्याचा सूर बरोबर पकडला. पोदेराने दबकून आणखी एकदा वाजवून पाहिला. त्यालाही उत्तर मिळालं. तो पावाचे उंडे पायरीवर ठेवून निघून गेला. शेजारच्या विनोदिनीकाकी कढीपत्ता मागायला आल्या, ओठांवर बोट ठेवून खुर्चीत बसल्या, आणि झोपल्या. त्या घोरू लागल्यावर आई त्यांना हलवायला निघाली, पण बाबांनी मानेनेच नको म्हटलं आणि घोरण्याखाली एक मंद सूर धरला. वाईट लागत नव्हता.

दोघांनाही थांबायचं होतं हे उघड होतं. बाबांचा उजवा गुडघा आखडला होता. ते मान एका बाजूला टाकून वाजवत होते. बाबलीमामांच्या नाकाच्या टोकावर घामाचा थेंब होता आणि तो पुसायला हात नव्हता. पण बाबा सूर हळूहळू खाली नेऊन शेवट सुचवू लागले की बाबलीमामांना वाटे, आपल्याला जागा करून देतायत. ते वर चढत. बाबलीमामा आवाज विरवू लागले की बाबांना वाटे, पाहुणे दमले, आता आपण सांभाळायला हवं; ते भरून काढत. आईने दारातून भुवया उंचावून मला विचारलं, अजून किती? मी खांदे उडवले. हाताने थांबा म्हणून खूण करायला ती पुढे आली, पण खूण कोणाला करायची, हे तिला ठरवता येईना. नवऱ्याला केली तर मुलीकडचे आधी थांबणार. व्याह्यांना केली तर पाहुण्याला उठवल्यासारखं होणार. ती तशीच उंडे उचलून आत गेली.

तेवढ्यात गौरेशचा फोन उजळला. आवाज बंद होता, नुसता पडदा चमकत होता. त्याने कानांवरचे हेडफोन काढले, फोन हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं. चिडून नाही, विनवून नाही. एखाद्या उपकरणाचा आकडा स्थिर व्हायची वाट बघतात तसं.

मी क्रमाने विचार केला. मुलीकडच्या माणसाने थांबवलं तर बरं दिसत नाही. मुलाकडच्याने थांबवलं तर बरं दिसत नाही. दोन्हीकडच्या माणसाने थांबवलं तर कोणाचीच हरकत राहत नाही. असं माणूस या घरात अजून कोणी नव्हतं. होऊ शकणारी फक्त मी होते, आणि त्यासाठी मला आधी एक वाक्य बोलावं लागणार होतं. ते बोलायला आणखी माहितीची गरज आहे, असं मी तीन वर्षं धरून चालले होते. मी गौरेशकडे पाहिलं. पोदेराच्या भोंग्याला बापाने दिलेलं उत्तर ऐकून तो हसला होता, ते हसू अजून पूर्ण गेलं नव्हतं. माहिती पुरेशी होती. बहुधा बऱ्याच दिवसांपासून पुरेशी होती.

त्याचा अंगठा फोनच्या हिरव्या खुणेवर गेला.

मी उठून दोन गिटारांच्या मधे, माइकसमोर उभी राहिले. दोघांनी मान वर केली, हात मात्र चालूच ठेवले.

"बाबा, तुमी थांबा. मामा, तुमीय थांबा," मी म्हटलं. "दोगांकाय सांगूचो माका हक्क आसा. मी गौरेशाशी लगीन करतलंय."