क्रम्राइनचं कार्ड, हॅवरिलाचे कान

माझ्या वडिलांच्या बेसबॉल कार्डावर सगळं वडिलांचं होतं, फक्त वडील नव्हते. खाली नाव एमिल हॅवरिला. मागे उंची, वजन, डावखुरा पिचर, गाव ॲशबी, पेन्सिल्व्हेनिया. आणि पुढे फोटो डेल क्रम्राइनचा. हा क्रम्राइन आमच्या ॲशबी ब्रेकर्स संघात तिसरा बेस सांभाळायचा. जाड भुवया, सिनेमात शोभेल असं तोंड. त्या उन्हाळ्यात गावातली कोल बेकरी पावाच्या पाकिटात संघाची कार्डं घालत होती. पपांचं कार्ड निघणार म्हणून आजीने अख्ख्या गल्लीला पाव घ्यायला लावला, आणि कार्ड हातात आल्यावर विचारलं, “हा कोण?”

पपा ब्रेकर्सकडून तेवढा एकच हंगाम खेळले. मग खांदा गेला आणि ते शर्टांच्या कारखान्यात लागले. गणवेशातले घरचे फोटो नदीच्या पुरात वाहून गेले. उरलं ते एक कार्ड, त्यावरही भलताच माणूस.

दर शुक्रवारी गावच्या अग्निशमन दलाच्या फायर हॉलमध्ये पिरोगी मिळतात, बटाटा आणि चीज भरलेले, लोण्यात पोहणारे. पपा आणि त्यांचे मित्र तिथलं खिडकीजवळचं टेबल सोडत नाहीत. त्यातला ॲल्विन स्टॉड हा माणूस मला लहानपणापासून डोक्यात जातो. नवीन कुणी टेबलावर बसलं की त्याची टेप सुरू. “हा आमचा एमिल. मोठा खेळाडू होता म्हणे. पुरावा? आहे की, कार्ड आहे. फक्त त्यावर तो नाही.” आणि पपांच्या पाठीवर थाप. “मनाला लावून घेऊ नकोस रे. तुझं थोबाड छापलं असतं तर पाव खपला नसता.”

पपाही हसायचे. गाडीत बसल्यावर मात्र एकदाच म्हणाले, “रोझान, कधीकधी मलाच वाटतं, मी खेळलो होतो ना नक्की?” त्या दिवशी मला ॲल्विनच्या ताटात मीठ ओतावंसं वाटलं.

कार्डांचा नाद मला त्यातूनच लागला. पावातल्या कार्डांचा संच मी जमवत आणला. एकच राहिलं होतं, क्रम्राइनचं स्वतःचं. हंगामाच्या मध्यावरच तो दुसऱ्या संघात गेला, आणि बेकरीने त्याचं कार्ड पाकिटात घालणं बंद केलं. ते मी कधी डोळ्यांनीही पाहिलं नव्हतं.

ज्याच्याकडे ते होतं तो लेलँड टिब्ज, राहणार कॅन्सस. आम्ही कधी भेटलो नाही, पण कित्येक वर्षं टपालाने कार्डांची देवाणघेवाण करत आलोय. लेलँडचं पाकीट म्हणजे पूजाच. कार्ड प्लॅस्टिकच्या कव्हरात, कव्हर दोन पुठ्ठ्यांमध्ये, वरून निळी चिकटपट्टी आणि तिचं टोक दुमडलेलं, म्हणजे उघडणाऱ्याला नख लावावं लागू नये. शिवाय आमच्यात रीत आहे: मागितलेलं एकटं कार्ड पाठवायचं नाही, सोबत न मागितलेली दोन-चार घालायचीच. क्रम्राइन मागितला की मात्र त्याचं उत्तर ठरलेलं, “माझ्याकडे एकच आहे. संच फोडायचा नाही.” मीही फोडला नसता, म्हणून रागावता येत नव्हतं.

या वसंतात त्याने आपल्या मते मोठी भेट पाठवली: पपांचं कार्ड, अगदी कोरं करकरीत. म्हणजे पुन्हा तोच भुवईवाला. आधीच त्या शुक्रवारी ॲल्विनने नव्या पाद्रीबाबांसमोर टेप वाजवली होती. माझं डोकं सटकलं. मी आईपपांच्या लग्नाच्या फोटोची प्रत काढली आणि पाकिटात घालून पाठवली. मागे लिहिलं, “माझे वडील असे दिसायचे. यापुढे दुसऱ्याचं तोंड पाठवत जाऊ नका.”

आठवडाभराने फोन वाजला. लेलँडने यापूर्वी कधी फोन केला नव्हता.

“रोझानबाई, वडिलांचे कान अजून तसेच आहेत?”

“तसेच म्हणजे कसे?”

“चहाच्या कपाला दोन्हीकडून दांडे असावेत, तसे.”

“मिस्टर टिब्ज, तुम्ही कान मोजायला फोन केलाय का?”

“रागावू नका हो. चेंडू झेलायचा हातमोजा कुठल्या हातात घालायचे?”

“उजव्या. डावखुरे पिचर होते, डाव्याने चेंडू टाकायचे. कार्डाच्या मागे लिहिलंय की.”

मग म्हातारा म्हणाला, “टपालपेटीवर लक्ष ठेवा,” आणि फोन ठेवून दिला.

पाकीट शुक्रवारीच आलं. पपा टोपी घालून दारात उभे, हॉलला निघायची घाई. मी निळ्या पट्टीचं टोक ओढलं. आत क्रम्राइनचं कार्ड होतं. या वेळी सोबत दुसरं काहीच नव्हतं, नुसती एक चिठ्ठी: “जन्मभर या कार्डाचे कोपरे तपासले. माणूस परवा पाहिला. तिसऱ्या बेसवर डावखुरा उभा करतात का कुठे? हे तुमच्या घरचं आहे, घरी ठेवा.”

मी कार्ड वळवलं. नाव डेल क्रम्राइन. वर उजव्या हातात हातमोजा घालून, डावा हात मागे नेलेला, टोपीखालून दोन्ही कान बाहेर आलेला एक पोरगा माझ्याकडे बघून हसत होता. बेकरीवाल्यांनी फोटो फेकला नव्हता. दोघांचे फोटो आपापसात बदलले गेले होते, बस.

“पपा,” मी म्हणाले. नुसतं कार्ड पुढे केलं.

त्यांनी ते डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ आणलं. “ती टोपी मला मोठी व्हायची,” ते म्हणाले. “आत कागद घालायचो.” आणि दारातल्या बाकावर बसून रडले, मोकळेपणी. मीही रडले. मग त्यांनी नाक पुसलं आणि उठले. “चल. पिरोगी थंड होतील.”

हॉल भरलेला होता. ॲल्विन आमची वाटच बघत होता. “या, बिनचेहऱ्याचे खेळाडू!”

पपांनी कार्ड त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. ॲल्विनने मान वाकवून वाचलं. “डेल क्रम्राइन. बरं मग? हा तर डेल.”

“नाव वाचू नकोस लेका,” पपा म्हणाले. “वर बघ.”

ॲल्विनने वर बघितलं. कार्डाकडे, मग पपांच्या कानांकडे, पुन्हा कार्डाकडे. त्याचा काटा हातातच राहिला. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी वाकलं. “अरे, हा एमिल!” रांगेतली माणसं ताटं घेऊन जवळ आली. स्वयंपाकघरातून बायका आल्या, पिठाच्या हातांनी. कुणीतरी कार्ड उचललं, प्लॅस्टिकमधून बाहेर काढलं, आणि ते लोणी लागलेल्या बोटांतून फिरायला लागलं.

देशात असं दुसरं कार्ड कुणाकडे आहे, देव जाणे. मी ओरडणार तोच पपांनी माझा दंड धरला. “बघू दे त्यांना,” ते म्हणाले. “नीट बघू दे.” आणि उभे राहून, ताठ मानेने, डावा हात मागे नेऊन त्यांनी पाद्रीबाबांना चेंडू कसा टाकायचे ते दाखवलं.

कार्ड सगळीकडे फिरून पुन्हा आमच्या टेबलाशी आलं. स्वयंपाकघरातल्या हेलनने ते ॲल्विनपुढे धरलं. त्याने लगेच घेतलं नाही. आधी काटा खाली ठेवला. कागदी रुमालाला बोटं पुसली, एकेक करून. मग तेवढ्यानेही समाधान झालं नाही, म्हणून नळावर जाऊन साबणाने हात धुऊन आला, आणि दोन्ही तळवे पुढे करून पपांना म्हणाला, “एमिल, बघू का जरा?”