टेबलावरचा धाकटा

मी बसवनगुडीतल्या सुनंदाबाईंच्या घरचा थोरला कॉम्प्युटर. धाकटा कोण ते सांगतोच. त्याच्यामुळेच तर तोंड उघडावं लागतंय.

सतरा वर्षांपूर्वी बाईंच्या यजमानांनी, अजितरावांनी, एकेक भाग आणून मला जुळवलं. पत्र्याची उभी पेटी, जाड बटणांचा कीबोर्ड आणि पंख्याची घरघर. तेव्हा आलेला पाहुणा आधी मला बघायचा, मग कॉफी घ्यायचा. अजितराव गेले आणि बाई रोज सकाळी माझ्यापुढे बसू लागल्या. त्यांचं घराणं बेंगळुरात साडेतीनशे वर्षांचं. घरातलं कानडीत मुरलेलं मराठी, आजीच्या तोंडचे शब्द, सगळं त्या माझ्यात टाइप करून ठेवत. मी सावकाश, त्याही सावकाश. आमचं छान जमायचं.

पुढे मी फारच मंदावलो. एक पान उघडेपर्यंत बाईंची कॉफी निवून जायची. अशात बहिणीचा नातू ईशान पुण्याहून इथे कोरमंगलाला नोकरीला आला आणि त्यानं आजीला लॅपटॉप दिला. चंदेरी, चपटा, आवाज म्हणून नाही. बाई त्याला मऊ फडक्यानं पुसत. माझ्या अंगावर जुनी चादर आली. माझेच शब्द त्या त्याच्यात टाइप करू लागल्या, तेव्हा माझा नुसता जळफळाट झाला. गेल्या खंडेनवमीला त्याला कुंकू, शेवंती, उदबत्ती, मी चादरीखाली. खोटं कशाला बोलू? तो टेबलाच्या कडेवरून पडावा, असं रोज माझ्या मनात यायचं.

पण त्याच्या सपाट बटणांवर बाईंची बोटं दुखायची. यंदा खंडेनवमीच्या सुट्टीला ईशान आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्याला स्वल्प बघ की रे. माझ्या बोटांना हाच बरा."

"आजी, ह्याला आता लाइट लिनक्सच लागेल," ईशान म्हणाला. "त्याचेही बरेच प्रकार, डिस्ट्रो, असतात. दोन जीबी रॅममध्ये चालेल असा शोधायला हवा."

"म्हणजे काय?"

"घराचा कारभारी बदलायचा. घर जुनं, तर कारभारी कमी खाणारा हवा."

पहिला कारभारी देखणा होता. खिडक्या उघडताना सावल्या, मिटताना नखरे. मला धाप लागली आणि मी मध्येच बसलो. दुसरा अगदी साधा. राखाडी पट्टी, चार चित्रं, बस्स. पण काय सांगू, किती वर्षांनी माझा पंखा शांत फिरला! ईशाननं इंटरनेट लावलं आणि घोटाळा झाला. एकही साइट उघडेना. प्रत्येक ठिकाणी धोक्याची सूचना.

"नाही होत, आजी. परवा कोरमंगलाला आमच्या ऑफिसात ई-वेस्ट, जुनी यंत्रं गोळा करतायत. देऊन टाकू या."

शेजारी धाकटा ऐटीत उजळून बसला होता.

बाई पूजेचं ताट घेऊन आल्या होत्या. त्या वाकल्या आणि माझ्या पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या. "अय्यो, हा एक जानेवारी म्हणतोय. तेही अजितनी ह्याला आणला त्या वर्षीचा! आज महानवमी की रे!"

ईशाननं कपाळावर हात मारला. "तारीख लक्षात ठेवणारा आतला सेल गेलाय! तारीख इतकी मागची, म्हणून साइट्सचा ह्याच्यावर विश्वास बसत नाहीये."

गांधी बाजारातल्या घड्याळवाल्या शिवाप्पाकडून बाईंनीच सेल आणला. चपटा, रुपयाएवढा. तो बसला, तारीख लागली आणि पानं भराभर उघडली.

"पण हा नवा कारभारी आणलास कुठून?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या लॅपटॉपवरूनच. सकाळपासून तेच काम करतोय बिचारा. दोन्ही डिस्ट्रो उतरवले, पेनड्राइव्हवर चढवले. हात लावून बघा, केवढा तापलाय."

मी ज्याचं वाईट चिंतत होतो, तो सकाळभर माझ्यासाठी तापत होता.

बाईंनी कुंकवाचं बोट उचललं. "थोरल्याला आधी," म्हणाल्या. माझ्या पत्र्यावर गार ठिपका टेकला. मग त्याला. शेवंतीचं मोठं फूल मात्र त्यालाच मिळालं. पाहिलंय मी.

आता सकाळी बाई माझ्यापुढे बसतात आणि दुपारी त्याच्याशी बोलतात; त्या तोंडानं सांगतात, तो लिहून घेतो. दुपारी मी जळतो; स्वभाव काही कारभारी बदलून जात नाही. पण बाई, एक सांगणं आहे. पुसून झाल्यावर तुम्ही त्याला अगदी टेबलाच्या कडेला ठेवता. जरा आत सरकवा त्याला. माझ्या बाजूला जागा आहे.