पुस्तकांचा ओटा

कंत्राटदाराने आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टकटक केली, कान लावला आणि डॉक्टरसारखी मान हलवली.

"काका, सगळंच काढावं लागेल. ओटा, फरशी, पाइप, वायरिंग. एकाच हाती काम द्या, डोक्याला ताप नाही. तुम्ही फक्त चावी द्या आणि मुलीकडे जाऊन राहा. परत याल तेव्हा काकूंना बसून स्वयंपाक करता येईल असं घर हातात देतो."

"विचार करून सांगतो," मी म्हणालो. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की ते आता माझी परवानगी न घेताच तोंडातून बाहेर पडतं.

ही याच ओट्यापाशी पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर मुलगी तिला आपल्या घरी घेऊन गेली. आता ही वॉकर धरून चालते, पण फार वेळ उभं राहवत नाही. निघताना गाडीत बसून मला म्हणाली होती, "स्वयंपाकघर मला बसून चालवता येईल असं करा, मी येते. पण नुसतं आयतं खायला येणार नाही, सांगून ठेवते."

मीही काही दिवस मुलीकडे राहून आलो. दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झोपायचो. सगळे प्रेमाने वागत, पण कुणी सोफ्याशी आलं की मी उठून उभा राहायचो, कुणाच्या तरी सामानासारखा. घराचं काम काढायचंय असं सांगून परतलो, आणि तेव्हापासून ते काम फक्त माझ्या डोक्यात चाललं होतं. गवंडी, प्लंबर, सुतार वेगवेगळे बोलवावेत, हवं तसं करून घ्यावं, असं मनात होतं.

मुलीला फोनवर हे सांगितलं तर ती हसली. "बाबा, प्लंबर म्हणणार गवंडी आल्याशिवाय जमत नाही. गवंडी म्हणणार आधी प्लंबरला बोलवा. आणि तुम्ही मध्ये उभे राहून दोघांची माफी मागणार!"

न्हाव्याने भलतेच केस कापले तरी आरशात बघून "छान" म्हणणारा माणूस मी.

"कंत्राटदाराला देऊन टाका," ती म्हणाली, "आणि तोवर इकडे या. आईलाही बरं वाटेल. आम्ही मोठं घर बघतोच आहोत, तुमच्यासाठी एक खोली निघेल."

सकाळी उठून ही समोर दिसावी, एवढंच मला हवं होतं. चावी देऊन टाकली असती तर दुसऱ्याच दिवशी ते मिळालं असतं. पण मग सोफ्याचा पलंग झाला असता, पलंगाची खोली झाली असती, आणि इथल्या नव्या ओट्यावर धूळ बसली असती.

शिवाय ओट्याच्या उंचीचा घोळ होता. कंत्राटदार म्हणाला होता, "नेहमीपेक्षा थोडा खाली घेऊ." थोडा म्हणजे किती? वाचनालयातून घरबांधणीवरचं पुस्तक आणलं. त्यात बसलेल्या माणसासाठी माप होतं, पण तो माणूस कोण, केवढा, ते काही दिलं नव्हतं. शेवटी मी कपाटातले जाडजूड शब्दकोश काढले, दोन स्टुलांवर दोन चळती रचल्या, वर एक फळी टाकली. खुर्ची ओढून बसलो आणि कांदा चिरून पाहिला. मला अगदी सोयीचं वाटलं. मोठ्या उत्साहाने हिला व्हिडिओ कॉल लावला.

"अहो, हे काय? शब्दकोशांवर कांदा?" हसता हसता हिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने नीट पाहिलं. "आणि हा तर तुमच्या मापाचा झाला. रांधणार कोण, तुम्ही?"

एवढा वेळ मी स्वतःचंच माप घेत बसलो होतो. मी ताडमाड, ही जेमतेम माझ्या खांद्याला लागते.

"थांबा," ती म्हणाली. फोन कशाला तरी टेकवून खुर्चीत सरळ बसली, कोपरं दुमडली. "आता माझ्याकडे बघा. वरची काढा."

दोन्ही बाजूंचे वरचे खंड काढले.

"अजून."

"अगं, हा फार दुर्मीळ..."

"ओट्याला काय त्याचं? काढा. आता एक पातळ घाला."

दोन्हीकडे एकेक बारीकसा कवितासंग्रह सरकवला.

"हां. बस."

तिकडे तिचे हात हवेत पीठ मळत होते. मला ओळखीचे होते ते, डावा जरा जास्त जोर देणारा. इकडे त्याच उंचीवर नुसती फळी होती. मी तिच्यावर हात ठेवला आणि उगीचच पुसल्यासारखं केलं.

"कंत्राटदार काय म्हणतो?" तिने विचारलं. मी सगळं सांगितलं.

"तुम्ही आलात तर मला किती बरं वाटेल, माहितीये?"

"मग येतो."

"येऊ नका."

मी फोन जरा जवळ घेतला.

"इथे सगळे माझं फार करतात हो. उठायच्या आत पाणी हातात येतं. सवय लागतेय मला. तुम्ही तिथे एकटे, काहीतरी अर्धंकच्चं खात असाल, म्हणून तरी यायची घाई वाटते. तुम्हीही इथे आलात की मला ओढायला तिथे कोण राहिलं?"

"विचार करून..."

"यात तुम्ही विचार करायचा नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं आणि कंत्राटदाराला फोन केला. "काम तुम्हालाच देतो. पण मी घर सोडणार नाही. बाहेरच्या खोलीत राहीन."

"काका, धूळ खाल."

"खाईन."

"पाणी बंद असेल."

"भरून ठेवीन. आणि ओट्याची उंची मी सांगेन तीच." इथे माझा आवाज चिरकला.

"बरं बाबा, सांगा. किती इंच?"

इंच मी मोजलेच नव्हते! "एक स्टूल, तीन शब्दकोश आणि एक कवितासंग्रह," मी म्हणालो. पलीकडून "काय?" असं आलं. "म्हणजे... तुम्ही टेप घेऊन या. मी काही हलवलेलं नाही."

जुना ओटा फोडायच्या दिवशी हिने सकाळीच फोन केला. तिला ऐकायचं होतं. मी दारात उभा राहून फोन आत धरला. पहिला घाव बसला, दुसरा बसला, मग धूळ उठली. कंत्राटदार ओरडला, "काका, बाहेर व्हा!" मी तिथेच उभा राहिलो. बऱ्याच वेळाने फोन कानाला लावला. फक्त तिचा श्वास ऐकू येत होता.

"ऐकतेयस ना?"

"हं. तुम्ही खोकताय. नाकाला काहीतरी बांधा."

"बांधतो."

"आणि फोन ठेवू नका."

"नाही ठेवत," मी म्हणालो, आणि हात पुन्हा आत धरला.