दुसरी सही

माझी सही सुबक आहे, असं ऑफिसात सगळे म्हणतात. आग लागो त्या सहीला.

आमच्या प्रयोगशाळेत ठशांच्या अहवालावर दोन सह्या लागतात. पहिली तपासणाऱ्याची, दुसरी पडताळणाऱ्याची. दुसरी करणाऱ्याने सगळं पुन्हा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, असा नियम आहे. प्रत्यक्षात दर शुक्रवारी साहेब अहवालांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आदळतात आणि म्हणतात, "जेवणाच्या आत उरकून टाका." मी उरकते. बावीस वर्षं उरकत आले.

त्यातलाच एक अहवाल ओठांच्या ठशाचा. एक म्हातारे मास्तर रात्री झोपले ते उठलेच नाहीत. दुधातून कोणीतरी भरमसाट झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांना सांभाळणारी बाई म्हणत होती, मी दुपारीच घरी गेले. पण पलंगाशेजारी काचेचा पेला सापडला, संध्याकाळी शेजारणीने विसळून ठेवलेला, आणि त्यानंतर त्याच्या काठावर उमटलेला ओठांचा ठसा. तो बाईचाच, असं साहेबांनी लिहून दिलं. तेवढ्या एका पेल्यावर बाई चौदा महिने तुरुंगात होती.

तिचा नमुना मीच घेतला होता. ओठांना लिपस्टिक लावायची, चिकटपट्टी दाबायची, ती कागदावर डकवायची. तिच्या वरच्या ओठावर डावीकडे जुन्या टाक्याची खूण होती, तिथे मी हलक्या हाताने लावलं. बिचारी लटलट कापत होती. काम झाल्यावर मी माझ्याच रुमालाने तिचे ओठ पुसले.

"ताई, खरं ते निघेल ना?"

"ठसा खोटं बोलत नाही," मी मोठ्या ऐटीत म्हणाले.

कोर्टाचं बोलावणं आलं तेव्हा साहेबांचा गुडघा दुखायला लागला. "तुम्हीच जा. अहवाल वाचायचा नि परत यायचं." म्हणून आदल्या सकाळी मी फाइल काढली. पेल्याचा ठसा आणि बाईचा नमुना शेजारी-शेजारी. दोन्हीकडे वरच्या ओठावर एक आडवी खूण, दोन्हीकडे कागदाच्या उजव्या बाजूला. छान जुळत होतं. पण असं सरळ जुळायला नको होतं.

खात्री करायला हवी होती. लिपस्टिक फासली, स्वतःच्या ओठावर डावीकडे एवढीशी जागा कोरी ठेवली, चहाच्या काचेच्या पेल्याला ओठ टेकवले. मग ओठांवर चिकटपट्टी दाबून नमुना घेतला. पेल्यावर कोरी जागा डावीकडे, नमुन्यात उजवीकडे. म्हणूनच पेल्याच्या ठशाचा फोटो आरशासारखा उलटा करून मग जुळवायचा असतो. हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात! साहेबांनी तो सरळच लावला होता. पेल्यावरची खूण ओठाच्या उजव्या बाजूची होती. बाईची डाव्या.

मी तशीच, रंगलेल्या तोंडाने, साहेबांच्या खोलीत घुसले.

"हे काय थोबाड रंगवलंय?" साहेब हसले.

"पेल्यावरचा ठसा तिचा नाही, साहेब. तुम्ही फोटो उलटा केला नाहीत."

त्यांनी पाहिलं. कळलं त्यांना, चेहराच सांगत होता. मग दार लावून म्हणाले, "उद्या अहवाल वाचा आणि गप्प बसा. आता तोंड उघडलंत तर 'पडताळलं' म्हणून खाली कोणाची सही आहे, ते आधी बघा. माझी चूक नजरचुकीची. तुमचं काय?"

त्या माणसाच्या टेबलावरचं जाडजूड पेपरवेट उचलून खिडकीच्या काचेवर भिरकावावं, असं वाटलं. त्याहून जास्त राग याचा आला, की तो बरोबर बोलत होता.

दुसऱ्या दिवशी मी पिंजऱ्यात उभी राहून सगळं सांगितलं. दोन्ही पेले दाखवले. बाईच्या वकिलाने शेवटी विचारलं, "सही करण्यापूर्वी तुम्ही ठसे पाहिले होते?"

"नाही."

"मग काय पाहिलंत?"

"साहेबांची सही."

न्यायाधीशांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने मेले असते तर बरं झालं असतं.

महिन्याभराने बाई सुटली. तोवर मी निलंबित झाले होते. साहेबांचा गुडघा अजून दुखतोय, ते रजेवर आहेत. मी तुरुंगाच्या फाटकाशी जाऊन थांबले. काय बोलायचं ते घोकून आले होते. ती बाहेर आली, वाळून काडी झालेली, हातात कापडी पिशवी. मला ओळखलं.

"तुम्ही रुमालाने पुसलं होतंत," ती म्हणाली.

"हो. मी तुमची..."

"आतल्या बायका रडायच्या, तेव्हा मी सांगायचे. माझं तसं नाही, माझ्या कागदावर एक ताई आहेत, त्या नीट बघतील." ती थांबली. "चौदा महिने सांगत होते."

शिव्या दिल्या असत्या तर मी उभी राहून ऐकल्या असत्या. तिने पिशवी खांद्याला अडकवली आणि माझ्या बाजूने निघून गेली.